‘पोलिसी खाक्या दाखवताच…’ : मारून माहिती मिळते की नुसती कबुली?

सरोज_लघुलेखक

‘पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ पेपरात जिल्ह्याच्या पानावर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी असतंच. परवा पुन्हा वाचलं आणि घास उतरेना. मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. त्या वाक्याचं पुढे काय होतं ते मी याच बोटांनी उतरवून घेतलंय, म्हणून हा धागा काढतेय.

नोकरीची पहिली वर्षं मी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात होते. आरोपी हजर केला की साहेब ठरलेला प्रश्न विचारायचे, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" एकदा तीन घरफोड्यांमधला एक आरोपी आणला. पंचविशीही उलटली नसेल. पायात चप्पल नव्हती आणि तो पावलांच्या बाहेरच्या कडांवर उभा होता, तळवे फरशीला टेकू न देता. लहान मूल गरम वाळूत उभं राहतं ना, तसा. दोन्ही हातांनी कठडा धरलेला. साहेबांनी प्रश्न विचारला. त्याने बाजूच्या हवालदारांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही." मी टाइप केलं, ‘तक्रार नाही’.

त्याची कबुली रिमांड रिपोर्टमध्ये तपशीलवार होती. मागच्या दाराची कडी कशी काढली, कपाटाची किल्ली कुठे सापडली, पितळी डब्यात काय होतं, सगळं. पुढे खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलांनी सरकारी दवाखान्याचा केसपेपर आणि वॉर्डाचं रजिस्टर हजर केलं. तीनपैकी एका घरफोडीच्या रात्री हा मुलगा अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन खाटेवर पडलेला होता, तोही दुसऱ्या तालुक्यात.

सुटल्यावर तो निकालाची नक्कल घ्यायला आला होता. मी न राहवून विचारलं, "अरे, मग तुला पितळी डबा कसा माहीत?" तो म्हणाला, "बाई, ते विचारायचे, मागच्या दाराने शिरलास ना? मी हो म्हणायचो. डबा पितळेचा होता ना? हो. एकदा चुकून स्टीलचा म्हणालो, तर परत सुरू झालं. मग पितळेचा म्हणालो."

मारणं पाप आहे की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. पण ‘वाईट असेल, पण उपयोग होतो’ हे वाक्य मी भल्या, सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकते. घरफोडीपासून दहशतवादापर्यंत सगळीकडे. खरंच होतो का उपयोग? ज्यांना माहिती आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

कोकणी_माणूस

सरोजताई, तुमचा अनुभव खरा आहे, त्यावर वाद नाही. पण घरफोडी वेगळी आणि बॉम्ब वेगळा.

११ जुलै २००६ ला मी चर्चगेटहून बोरिवलीला निघालो होतो. नेहमीची गाडी चुकली म्हणून वाचलो. ११ मिनिटांत ७ स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८०हून जास्त माणसं गेली. मी त्या संध्याकाळी अंधेरीपर्यंत रुळांवरून चालत आलो, वाटेत लोक चादरीत माणसं उचलून नेत होते. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची फक्त बॅग घरी आली.

म्हणून माझं मत पक्कं आहे. ज्याला पुढचा बॉम्ब कुठे आहे ते माहीत आहे, त्याच्या तोंडून ते काढलंच पाहिजे. त्याच्या हाडांपेक्षा डब्यातल्या माणसांचा जीव मोठा. त्याला काय चहा-बिस्किटं देऊन विचारायचं?

निवृत्त_फौजदार

फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्याआधी बरीच वर्षं डी.बी. पथकात, म्हणजे पोलीस स्टेशनच्या गुन्हे शोध पथकात होतो. खरं ते लिहितो, कुणाला आवडो न आवडो.

काही वेळा काम होतं. नाही म्हणालो तर खोटं होईल. मोटरसायकल चोरी आहे, पोरगा सराईत आहे, गाडी कुठे लावलीस एवढाच प्रश्न आहे. दोन पट्टे बसले की सांगतो, तासाभरात गाडी मिळते. नाही मिळाली तर खोटं बोलला हे तासाभरात कळतं. कायद्यातही तेवढीच वाट ठेवली आहे. निवेदन पंचनामा करायचा, दोन पंच बरोबर घ्यायचे, त्याने दाखवलेल्या जागेवरून माल काढायचा.

पण ‘कुठे ठेवलंस’ हा एक प्रश्न झाला, आणि ‘आणखी कोण कोण आहे’ हा अगदी वेगळा. दुसऱ्याला अंत नाही. माणूस नावं सांगतच जातो. मेहुण्याचं सांगतो, जुन्या भांडणातल्या माणसाचं सांगतो, गल्लीतल्या कुणाचंही सांगतो. त्या प्रत्येक नावामागे दोन माणसं, एक गाडी आणि एक दिवस जातो. तपास त्यात बुडतो.

आणि एक गोष्ट आम्ही कधी मोजली नाही. पाच संशयित आणले, त्यातल्या एकाने माल काढून दिला, की स्टेशनभर गाजायचं, ‘बघा, बोलला!’ उरलेले चार चोर नव्हतेच. ते लंगडत घरी जायचे. त्यांची नोंद डायरीत नसायची, म्हणून हिशेबातही नसायची. मग वाटतं की मारलं की माणूस बोलतोच.

हे का होतं तेही सांगतो. चोवीस तासांत कोर्टापुढे उभा करायचा असतो, वरून फोन येतो, क्राइम मीटिंगला ‘उघड किती’ म्हणून विचारतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल महिनोन्‌महिने येत नाही. हातात काय उरतं? हात.

ॲड_नीलिमा

फौजदारसाहेब, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

कायद्याची बाजू थोडक्यात. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ मध्ये घातला. आता तो २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आहे. आपल्याला वाटतं तेवढी ती दयाबुद्धी नव्हती. त्याआधी १८५५ मध्ये मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींवर चौकशी आयोग बसला होता आणि आपल्या दारात काय चाललंय हे राज्यकर्त्यांना कळलं होतं. तो कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पुढे एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवलं आहे. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं कितीतरी सोपं! फौजदारसाहेबांचा शेवटचा परिच्छेद मला त्याचाच पुढचा भाग वाटला.

कोकणी_माणूस, ११ जुलैचं तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिते. दुखावण्याचा हेतू नाही. त्या खटल्यात मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लावला होता. मोक्काच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुराव्यात येते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं आरोपींचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं. निरनिराळ्या माणसांच्या जबाबांतले भाग एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे निघाले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

यातली फारशी चर्चेत न आलेली गोष्ट अशी की २००८ साली पकडलेल्या इंडियन मुजाहिदीनच्या एका संशयितानेही याच स्फोटांची कबुली दिली होती. तीही मोक्काखाली, आणि पुढे कोर्टात तोही फिरला. एकाच स्फोटमालिकेच्या, वेगवेगळ्या टोळ्यांच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या कबुल्या. दोन्ही एकाच शहराच्या पोलिसांच्या कपाटात. तुमच्या शेजारच्या काकांना कुणी मारलं, याचं उत्तर त्यातून मिळालं का?

कोकणी_माणूस

नाही मिळालं. निकालाच्या दिवशी मी टीव्ही बंद करून बसलो होतो. काकूंना फोन करायचं धाडस झालं नाही.

पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. खटला ही झाल्यानंतरची गोष्ट. मी होण्याआधीचं विचारतोय.

भटक्या_व्हर्जिनिया

‘होण्याआधी’साठी जगातला सगळ्यात मोठा प्रयोग मी राहतो त्या अमेरिकेने केला, कैद्यांचा छळ करून. लपून केला, आणि नंतर स्वतःच त्याची चिरफाडही केली. सिनेटच्या गुप्तचर समितीने सीआयएचे साठ लाखांहून जास्त पानांचे कागद तपासले. ९ डिसेंबर २०१४ ला त्या अहवालाचा सारांश बाहेर आला. सारांशच पाचशेच्या वर पानांचा आहे. मी तो लोकलमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, महिनाभर वाचत होतो.

सुरुवात अबू झुबैदा या अल-कायदाच्या संशयितापासून. मार्च २००२ मध्ये पाकिस्तानात फैसलाबादला पकडला, गोळ्या लागलेल्या. आधी एफबीआयचे दोघे त्याच्याशी बोलले. त्यातला अली सूफान अरबी बोलणारा. त्यांनी त्याच्या जखमा बघितल्या, बर्फ दिला, त्याच्याबद्दल आधीच किती माहीत आहे ते त्याला जाणवू दिलं. काही दिवसांतच त्याने एका फोटोवर बोट ठेवून सांगितलं की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागचा ‘मुख्तार’ तो हाच, खालिद शेख मोहम्मद. त्या वेळेपर्यंतची ही सगळ्यात मोठी माहिती, आणि ती मिळवताना कुणी हात उगारलेला नव्हता.

मग सीआयएने जेम्स मिशेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांना पुढे केलं. दोघांनी त्याआधी प्रत्यक्ष शत्रूची चौकशी कधी केलेली नव्हती. ते अमेरिकी हवाई दलाच्या ज्या प्रशिक्षणातून आले, तिथे वैमानिकांना ‘पकडले गेलात तर छळ कसा सोसायचा’ हे शिकवतात. आणि त्या प्रशिक्षणातला छळ कुठून आला? कोरियन युद्धात चिनी आणि कोरियन कैदखान्यांत अमेरिकी वैमानिकांकडून जे करवून घेतलं त्यावरून. त्यांना तिथे माहिती नको होती. त्यांना प्रचारासाठी खोट्या कबुल्या हव्या होत्या, आणि त्या मिळाल्याही. खोटी कबुली काढण्यासाठी बनलेलं अवजार यांनी खरी माहिती काढायला वापरलं. त्यांच्या कंपनीला त्याचे ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले.

अबू झुबैदाला ऑगस्ट २००२ मध्ये ८३ वेळा वॉटरबोर्डिंग केलं. फळीवर उताणा बांधायचा, तोंडावर फडका टाकायचा आणि वरून पाणी ओतायचं. पुढच्या हल्ल्याचं नाव त्याच्याकडून निघालं नाही, कारण त्याच्याकडे ते नव्हतंच. खालिदला मार्च २००३ मध्ये १८३ वेळा. त्याने बरंच सांगितलं. मोंटाना राज्यात कृष्णवर्णीय मुसलमानांची भरती चालू आहे हेही त्यानेच सांगितलं. नंतर म्हणाला, ते मी रचलं होतं, तुम्हाला हवं ते बोललो.

सरोजताईंचा पितळी डबा वाचला आणि मला इब्न अल-शेख अल-लीबी हा कैदी आठवला. त्याला अमेरिकेने चौकशीसाठी इजिप्तच्या हवाली केलं. तिथे प्रश्न ठरलेला होता, अल-कायदाचा आणि इराकचा संबंध काय? त्याने शेवटी सांगितलं की इराकने अल-कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. ५ फेब्रुवारी २००३ ला कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत हेच जगाला ऐकवलं. पुढच्याच महिन्यात युद्ध. २००४ मध्ये लीबीने जबाब मागे घेतला, छळ थांबावा म्हणून बोललो म्हणाला. संबंध नव्हताच. एका माणसाच्या ‘हो’वर एक देश बेचिराख झाला. हे मी दहा वर्षं मनातून काढू शकलेलो नाही.

मिरजकर

भटक्या, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा. पण सीआयएने हे मान्य केलं का? ओसामा त्यातूनच सापडला असं ऐकलंय.

भटक्या_व्हर्जिनिया

नाही, मान्य केलं नाही, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांचं म्हणणं, या कैद्यांकडून उपयोगी माहिती मिळाली. पण त्या वेळचे प्रमुख जॉन ब्रेनन यांनीच सांगितलं की ती छळामुळे मिळाली का, हे कळण्याजोगं नाही. ओसामाच्या निरोप्याबद्दल, अबू अहमद अल-कुवैतीबद्दल, सगळ्यात नेमकी माहिती दिली ती हसन गुलने. २००४ मध्ये इराकच्या कुर्द भागात पकडला होता. आणि अहवालाप्रमाणे ती त्याने छळ सुरू होण्याआधी दिली. खालिदने मात्र १८३ वेळांनंतरही त्या निरोप्याला महत्त्वाचा नसल्याचंच सांगितलं. सीआयएचे लोक म्हणतात, तो खोटं बोलला यावरूनच आम्हाला संशय आला. असेल. पण खोटं कळलं ते बाकीची खरी माहिती आधीच हातात होती म्हणून.

आणखी एक. ११९ कैद्यांपैकी निदान २६ जणांना धरायलाच नको होतं. फौजदारसाहेबांचे ‘उरलेले चार’. त्यातला गुल रहमान नोव्हेंबर २००२ मध्ये अफगाणिस्तानातल्या कोठडीत थंडीने मेला. अर्धनग्न, उघड्या फरशीवर साखळीने बांधलेला.

१९८९ साली याच सीआयएने संसदेला कळवलं होतं की अमानुष पद्धतींनी माहिती मिळत नाही, खोटी उत्तरं मिळतात. तेरा वर्षांत विसरले.

डॉ_मेधा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. धाग्यात सगळे इच्छेबद्दल बोलताहेत, म्हणजे माणूस ‘सांगत नाही’ की ‘सांगतो’. मला आठवणीबद्दल लिहायचं आहे.

आठवण ही तिजोरीत ठेवलेली वस्तू नव्हे की कुलूप फोडलं आणि काढली. ती प्रत्येक वेळी मेंदूला नव्याने जुळवावी लागते. ते काम ज्या भागांकडे आहे, तेच भाग तीव्र भीती, वेदना आणि झोपेचा अभाव यांनी आधी ढासळतात. सीआयएच्या कार्यक्रमात कैद्यांना १८० तासांपर्यंत जागं ठेवलं, बहुतेक वेळ उभं करून. साडेसात दिवस. माझ्याकडे तीन रात्री न झोपलेला रुग्ण आला तर त्याला काल जेवायला काय होतं ते धड सांगता येत नाही, सांगितलं तर दोनदा वेगळं सांगतो, आणि दोन्ही वेळा त्याला ते खरंच वाटत असतं. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. तो खोटं बोलत नसतो. त्याला स्वतःलाही खरं-खोटं वेगळं करता येत नसतं.

भटक्या यांनी लिहिलेल्या त्या अमेरिकी प्रशिक्षणावरच एक संशोधन झालं आहे. पाचशेच्या आसपास धडधाकट सैनिक. खोट्या कैदेत त्यांची समोरासमोर कडक चौकशी केली, चांगल्या उजेडात, अर्ध्या तासाहून जास्त वेळ. दुसऱ्या दिवशी ओळीत उभ्या केलेल्या माणसांतून चौकशी करणारा कोण ते ओळखायला सांगितलं. कडक चौकशीतून गेलेल्या बहुतेकांना तो ओळखता आला नाही. कित्येकांनी भलत्यालाच ओळखलं. हे तरुण, निरोगी, आणि हा सराव आहे हे माहीत असलेले सैनिक होते.

शंभूभक्त_जुन्नर

आपल्या मातीतलं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. फेब्रुवारी १६८९, संगमेश्वरला शंभूराजे पकडले गेले. औरंगजेबाच्या छावणीत आणल्यावर रुहुल्लाखानाला त्यांच्याकडे पाठवलं. दोन प्रश्न होते. खजिना कुठे आहे, आणि बादशाही सरदारांपैकी कोण तुमच्याशी संधान बांधून होतं? म्हणजे सरळसरळ गुप्तवार्ता. ईश्वरदास नागर या मुघलांच्या बाजूच्या माणसानेच हे लिहून ठेवलं आहे. पुढे काय काय केलं ते इथे लिहायचं धैर्य नाही, प्रत्येक मराठी माणसाला ते माहीत आहे. ११ मार्चला देह पडला. उत्तर मिळालं नाही. आणि औरंगजेब १७०७ साली नगरजवळ भिंगारला मरेपर्यंत इथेच लढत राहिला.

सरोज_लघुलेखक

शंभूभक्त, वाचून थांबले थोडा वेळ.

मला यात एक दिसतं. ज्याच्याजवळ खरोखर मोठं काही आहे आणि ज्याची निष्ठा पक्की आहे, तो बोलत नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही, तो सगळं बोलतो. मारणाऱ्याला दोघांतला फरक बाहेरून कळत नाही. गप्प बसला तर ‘लपवतोय’, बोलला तर ‘अजून आहे’.

फ्रँकफर्टचा_जोशी

कोकणी_माणूस यांच्या बाजूने जाणारं खरं उदाहरण माझ्या शहरात घडलं आहे. ते लपवू नये.

२००२ मध्ये इथल्या एका बँकरच्या ११ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. खंडणी उचलणाऱ्यावर पोलिसांनी पाळत ठेवली आणि त्याला पकडलं. म्हणजे माणूस नक्की तोच, यात शंका नव्हती. मुलगा कुठे आहे ते तो सांगेना. पोलीस उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी त्याला धमकी द्यायला सांगितलं की आता असह्य वेदना दिल्या जातील. हात लावला नाही, धमकीच. आणि त्याने जागा सांगितली, खरी. मुलाला त्याने आधीच मारलेलं होतं.

डाश्नर यांनी दिलेला हुकूम स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवला होता. त्यावर खटला चालला, दोषी ठरले, शिक्षा जवळजवळ नाममात्र. २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मुलाच्या खुन्यावरचा खटला न्याय्यच झाला असं ठरवलं, पण ती धमकी अमानुष वागणूक होती असंही म्हटलं. इथे अजूनही जेवणाच्या टेबलावर यावरून दोन तट पडतात. मला स्वतःला मुलगी आहे. मी त्या खुर्चीत असतो तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

निवृत्त_फौजदार

हे मी म्हणतो तेच. माणूस नक्की, प्रश्न एक, उत्तर लगेच तपासता येणारं. माझी मोटरसायकल. पण जोशीसाहेब, अशी केस नोकरीत किती वेळा येते? मला एकही आली नाही. आणि परवानगी मात्र त्या एका केसच्या नावावर मागतात आणि पाकीटमारावर वापरतात.

फ्रँकफर्टचा_जोशी

बरोबर. इस्राएलमध्ये नेमकं तेच झालं. १९८७ च्या लांडाऊ आयोगाने ‘मध्यम शारीरिक दबावा’ला मुभा दिली. अपवादाचा रिवाज झाला, आणि १९९९ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाला त्या पद्धती बेकायदा ठरवाव्या लागल्या.

त्या ‘चहा-बिस्किटां’बद्दलही सांगतो. माझ्या घरापासून थोड्या अंतरावर ओबरउर्झेल आहे, रोज तिथून मेट्रो जाते. दुसऱ्या महायुद्धात तिथे पाडलेल्या विमानांच्या वैमानिकांची चौकशी व्हायची. हान्स शार्फ नावाचा चौकशी अधिकारी कधी हात उचलत नसे. कैद्याला बरोबर घेऊन रानात फिरायला जायचा. आधी त्याच्या पलटणीची इतकी माहिती गोळा करायचा की कैद्याला वाटायचं याला सगळं ठाऊकच आहे, मग लपवायचं काय! एकदा त्याला शोधायचं होतं की अमेरिकी विमानांच्या चमकत्या गोळ्या मध्येच लाल ऐवजी पांढऱ्या का होतात. त्याने ते विचारलंच नाही. चालता चालता म्हणाला, तुमच्याकडे रसायनांची टंचाई आहे म्हणून पांढऱ्या येतात म्हणे. वैमानिक म्हणाला, छे, दारूगोळा संपत आल्याची ती खूण असते. झालं काम. युद्धानंतर अमेरिकी हवाई दलाने त्याला भाषणं द्यायला बोलावलं.

तो नाझी सैन्यासाठी काम करत होता, त्याला संत करायचं नाही. पण त्या राजवटीतही ज्याला माहिती हवी होती त्याने पट्टा उचलला नाही.

कोकणी_माणूस

आणि कसाब? त्याला काय रानात फिरवला होता?

ॲड_नीलिमा

कसाब जिवंत हाती लागला तो तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेऊन रायफल सोडली नाही म्हणून. त्याच रात्री नायर रुग्णालयात खाटेवर घेतलेला त्याचा जबाब सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे. जखमी, घाबरलेला, आणि पोलीस अधिकारी साध्या आवाजात एकामागून एक विचारताहेत. गाव कुठलं, वडील काय करतात, कुणी पाठवलं. लष्कर-ए-तोयबाचं नाव तिथे आलं. सीमेपलीकडून हुकूम कोण देतंय ते कळलं चालू फोन ऐकून. तो पुरावा आजवर कुणाला खोडता आलेला नाही.

उलट मालेगाव बघा. ८ सप्टेंबर २००६ चे स्फोट, तीसहून जास्त बळी. नऊ स्थानिक मुसलमान पकडले, कबुल्या झाल्या. पाच वर्षं आत काढल्यावर जामीन, २०१६ मध्ये दोषमुक्त. मध्ये स्वामी असीमानंद यांची उलटी कबुली आली, की हे हिंदू गटाचं काम होतं; तीही दबावाखाली दिली असं ते नंतर म्हणाले. २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या आरोपींनीही कोठडीतल्या छळाच्या तक्रारी केल्या, आणि ३१ जुलै २०२५ ला सातही जण सुटले. आरोपीचा धर्म बदलला, तपास यंत्रणा बदलली, पद्धत तीच राहिली. मालेगावच्या भिक्कू चौकात आणि कब्रस्तानात माणसं कुणी मारली, हे आज महाराष्ट्राला कायद्याने ठामपणे सांगता येत नाही.

आपण छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, अजून मान्यता दिलेली नाही. २०१० चं विधेयक लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळलं.

कोकणी_माणूस

रात्रभर विचार केला. बॉम्ब टिकटिकतोय आणि माणूस समोर बसलाय, या चित्रात मी तो माणूस ‘तोच’ आहे हे धरूनच चाललो होतो. ११ जुलैनंतर उचललेल्यांपैकी तो कोण होता, हे मला आजही माहीत नाही. तेव्हाच्या मला तर मुळीच कळलं नसतं. माझा राग कमी झालेला नाही. पण तो चुकीच्या माणसावर निघाला असेल तर काकांचा मारेकरी एकोणीस वर्षं निवांत झोपला, हे कालपर्यंत मनात आलं नव्हतं.

सरोज_लघुलेखक

तुम्ही हे लिहिलंत, फार बरं वाटलं.

फौजदारसाहेब, एक विचारू? ते ‘उरलेले चार’ तुम्हाला पुढे कधी भेटले का?

निवृत्त_फौजदार

ताई, एक भेटला. लिहू की नको करत दोन दिवस गेले.

बाजारपेठेतल्या एका सराफी दुकानातली चोरी होती. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याला उचललं, दुकानाला खेटून टपरी म्हणून. दोन रात्री ठेवला. काही निघालं नाही, सोडून दिला. ती चोरी कधीच उघड झाली नाही.

निवृत्त झाल्यावर त्या गावी लग्नाला गेलो होतो. टपरी तिथेच. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, चहा दिला. ग्लास ठेवताना त्याचा डावा हात पूर्ण सरळ होत नव्हता. मी म्हटलं, त्या वेळी चूक झाली. तो म्हणाला, "साहेब, चोरी कुणी केली ते मला दुसऱ्या दिवशी सकाळीच माहीत होतं. तो रोज माझ्याकडे चहा प्यायचा. पण तुम्ही ते विचारलंच नाहीत. ‘तूच केलंस ना’ एवढंच विचारत होतात."

मी विचारलं, मग नंतर का नाही सांगितलंस?

"नंतर कशाला सांगेन?" म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाचा चहा गाळायला लागला.